मोर, चाक आणि बर्फाचा पहाड

गल्लीत पुन्हा डबे खुळखुळू लागले आहेत. पत्र्याच्या डब्यात काहीतरी हलतं, पोरी कान लावून बसतात आणि मग एकच गलका होतो. "शेंगदाणे!" "नाही!" "फुटाणे!" "नाही!" "बत्तासे!" भादव्याची पौर्णिमा झाली की थेट कोजागिरीपर्यंत आमच्या जळगावात संध्याकाळी हेच ऐकू येतं. मातीची भुलाबाई मांडायची, रोज एकेका घरी जाऊन गाणी म्हणायची, आणि त्या घरच्या बाईने खाऊ झाकून आणायचा. ओळखाल तर खाल. धुळ्याकडे हिलाच गुलाबाई म्हणतात, पण डबा तिकडेही असाच वाजतो.

मी आता डब्याच्या वयाची राहिले नाही. तरी आज लिहिता लिहिता पेन ठेवलं आणि खिडकीशी जाऊन उभी राहिले. मेहरूणचा तलाव भरला असेल. पावसानंतरचं चटका देणारं ऊन उतरत होतं. एमआयडीसीकडून येणाऱ्या वाऱ्याला नव्या मुगाचा, उडदाचा, भरडल्या डाळीचा कोरडा वास होता. हा वास आला की मला नोटा आठवतात. ऐकणारा हसतो. पण आमच्या घरात डाळीचा वास आणि नोटेचा वास एकाच बटव्यातून यायचा, त्याला मी काय करू?

तो बटवा अक्काचा. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मी रांगत होते तेव्हा आई गेली, आणि पारोळ्याहून अक्का आली ती राहिलीच. डाळमिलमध्ये डाळ निवडायला जायची. संध्याकाळी घरी आली की तिच्या भुवया, पापण्या, मनगटावरची लव, सगळं पिवळं झालेलं असायचं. माझ्या लहानपणी मला वाटे, देवळातली हळद लावलेली देवी दिवसभर कामाला जाते आणि दिवेलागणीला आमच्याकडे मुक्कामाला येते.

वडिलांना, म्हणजे आबांना, मोर्चांचा आणि पत्रकांचा नाद. नाद कसला, तेच त्यांचं आयुष्य. गिरणी बंद पडली, पत्रक. रॉकेल मिळेना, पत्रक. हुंड्याविरुद्ध, दारूविरुद्ध, पाण्याच्या टाकीसाठी, पत्रक. मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरूनच. 'क' कमळाचा नव्हे, कामगाराचा. माझ्या वह्यांना पत्रकांची कव्हरं, फडताळात पत्रकांचे कागद अंथरलेले, चुलीलाही पहिली काडी पत्रकाचीच. त्या कागदांवर चित्र म्हणून काही नसे. फार झालं तर वळलेली मूठ. गोष्टीची रंगीत पुस्तकं आणणं आबांना परवडत नसे, आणि परवडलं असतं तरी त्यांनी त्या पैशांची आणखी पत्रकं काढली असती.

त्यामुळे आमच्या घरात रंगीत चित्रं यायची ती फक्त अक्काच्या बटव्यातून, मिलचा पगार होई त्या दिवशी.

"देख वं, आज मोर उना," ती तिच्या अहिराणीत म्हणायची, आणि मोर आला म्हणून मी धावत जायची. मोर म्हणजे दहाची नोट. ट्रॅक्टर म्हणजे पाच. मागे उगवता सूर्य, पुढे नांगरलेली जमीन. वीस म्हणजे चाक. ते कोणार्कच्या देवळाचं आहे हे मला पुढे शाळेत कळलं, पण अक्काच्या हिशेबी ते आमच्या पारोळ्याच्या बैलगाडीचंच होतं, फक्त सणासुदीला रंगवलेलं. दोनच्या नोटेवर आर्यभट्ट नावाचा उपग्रह होता. अक्का त्याला आकाशकंदील म्हणायची. मी शाळेतून आल्यावर मोठ्या तोऱ्यात सांगितलं, "अक्का, तो कंदील नाही, तो आभाळात सोडलाय." ती म्हणाली, "मंग? आकाशकंदीलच शे ना!" शंभराची नोट क्वचित यायची. तिच्यावर धरण होतं, शेत होतं, आणि पाठीला टोपली लावून कुणीतरी पानं खुडत होतं. अक्का म्हणायची, ती बाई आहे आणि ती कापूस वेचते आहे.

अक्काला वाचता येत नव्हतं. आकडेही नाहीत. पण तिला कुणी कधी फसवलं नाही, कारण तिच्या पैशांना चेहरे होते. बाजारात ती म्हणे, "एक चाक नि एक ट्रॅक्टर व्हयनात ना? हाई ले." भाजीवाले, किराणेवाले, बांगड्यावाली, सगळ्यांना ही भाषा ठाऊक होती. मधे दहाची एक नवी नोट निघाली, मोराऐवजी तिच्यावर बाग होती. अक्कानं बागेलाही घरात घेतलं. स्वतः कमवायचं, स्वतःच्या बटव्यात ठेवायचं, स्वतःच्या हाताने द्यायचं, हा तिचा बाणा. नवरा गेल्यावर सासरच्यांनी तिला फुटकी कवडी दिली नव्हती, आणि तिने भावाकडेही कधी मागितली नव्हती. कमरेला तो बटवा होता म्हणून ती आमच्या घरात पाहुणी नव्हती, आश्रित नव्हती. होती ती अक्का होती.

मग गांधीछाप नोटा आल्या.

पाचशेच्या नोटेवर गांधीबाबा आधीपासूनच होते म्हणे, पण पाचशेची नोट आमच्या गल्लीत कुणी पाहिली होती? आमच्याकडे ते पहिल्यांदा आले दहाच्या नोटेवरून. चष्मा लावलेले, हसरे. अक्कानं ती नोट कपाळाला लावली. "गांधीबाबा म्हंजे दहा," तिने ठरवून टाकलं. बाजारानेही तसंच ठरवलं. पुढे शंभरावरही तेच आले, पन्नासावरही तेच. तोच चष्मा, तेच हसू.

भादव्यातल्या एका बाजारच्या दिवशी शेठजींनी पगारात इतर नोटांबरोबर एक कोरी शंभराची दिली. अक्का तशीच बाजारात गेली. दिवस कलला होता, गॅसबत्त्या पेटायच्या होत्या. सुकलाल माळी तिचा वर्षानुवर्षांचा भाजीवाला. तिने गिलकी घेतली, मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि गांधीबाबा पुढे केले. सुकलालभाऊंनी दहाचे म्हणून घेतले, दहातून उरलेली चिल्लर मोजून परत दिली, वर कोथिंबीर फुकट घातली. ना तिच्या मनात काही, ना त्यांच्या. दोघांनाही वाचता येत नव्हतं आणि दोघांचाही गांधीबाबांवर विश्वास होता.

घरी आल्यावर आबांनी विचारलं, "शंभराची मोडलीस का?" तेव्हा तिला कळलं. सकाळी ती आणि आबा सुकलालभाऊंकडे गेले. तो माणूस कानाची पाळी धरून उभा राहिला. "अक्का, मना लेकरांनी आन. मी ती दहानी म्हनीसन हमालले दी टाकी." हमालाने ती दहाची म्हणून चहावाल्याला दिली होती. चहावाल्याला आठवत नव्हतं.

त्या नोटेचा मी पुढे कितीदा तरी विचार केला आहे. शंभराची एक नोट आमच्या बाजारातून दहाची होऊन हिंडते आहे. टोपलीतून गल्ल्यात, गल्ल्यातून खिशात. वाचता येणारा पहिला माणूस भेटेपर्यंत ती दहाचीच राहिली असणार. आणि त्या माणसाने ती परत केली नाही.

अक्का रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. तिने कमरेचा बटवा सोडला आणि आबांच्या पुढ्यात ठेवला.

"आतेपासून मना पैसा तू राख. माले नही समजत आते."

"अक्का, अगं एकदा चूक झाली..."

"एकडाव नही. आते बठ्ठास्नं तोंड सारखंच शे. मी कोनले इचारत फिरू?"

बटवा फडताळात, पत्रकांच्या कागदावर पडून राहिला. ती कामाला जायची, पगार आणून आबांच्या हातात द्यायची. बाजारात आबा जाऊ लागले आणि रोज निबर भेंडी आणू लागले. एरवी तिने त्यांची सालटी काढली असती; आता गुपचूप चिरायची. सगळ्यात वाईट म्हणजे भुलाबाईच्या पोरी विचारायला आल्या, "अक्का, तुमचा नंबर कधी?" तर ती म्हणाली, "औंदा मना नंबर सोडा वं पोरीसहोन." अख्ख्या गल्लीत अक्काचा खाऊ ओळखायला सगळ्यात अवघड. कधी फडक्यात गुंडाळलेली राजगिऱ्याची वडी, कधी उकडलेले शिंगाडे. डबा कितीही हलवा, हूं की चूं नाही. मी तिला म्हटलं, आबांकडून पैसे घे की. ती म्हणाली, "भाऊकडे हात पसरी खाऊ नही करस मी."

मी तेव्हा कॉलेजात पहिल्या वर्षाला होते आणि पेटून उठायला मला काडीसुद्धा लागत नसे. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. मथळा होता 'आमचा मोर परत द्या!' दूरच्या कुठल्यातरी कचेरीत बसून कुणीतरी ठरवतं की सगळ्या नोटांना एकच चेहरा द्यायचा, आणि ज्या बाया-माणसांचं वाचन म्हणजे नोटेवरचं चित्र, त्यांना एका शब्दाने विचारत नाही! तो राग खरा होता. आजही खरा आहे. त्यातलं एक वाक्यही मी मागे घेणार नाही. ज्या म्हाताऱ्याने उभा जन्म शेवटच्या माणसाची काळजी वाहिली, त्याच्याच चेहऱ्याने शेवटच्या बाईचा बटवा सोडवावा, याचा मला संताप येत होता.

आबांनी पत्रक वाचलं. दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं. मग चष्मा काढून म्हणाले, "झकास. वाटणार कुणाला?"

"डाळमिलच्या बायांना."

"हं. आणि वाचणार कोण?"

मी रात्रभर धुमसले आणि सकाळी प्रेसवाल्या नानांकडे गेले. आबांची सगळी पत्रकं त्यांच्याच पायमशीनवर छापलेली. मी त्यांना सांगितलं, यावेळी अक्षरं नकोत. नव्या नोटांच्या मागच्या बाजूची चित्रं हवीत. दहाच्या मागे जनावरं आहेत, पन्नासच्या मागे संसद, शंभराच्या मागे डोंगर. चित्रं छापून बायांना वाटू, म्हणजे ओळख पटेल. नानांनी हातातला शाईचा बोळा खाली ठेवला.

"पोरी, तुझ्या बापानं सरकारच्या विरोधात काय काय छापून घेतलं, मी कधी नाही म्हटलं?"

"नाही."

"पोलीस दोनदा येऊन चहा पिऊन गेले. मी बोललो काही?"

"नाही नाना."

"आणि आता तू मला नोट छापून दे म्हणतेस!"

"नोट नाही हो, नोटेची मागची बाजू."

"हां हां. आणि पुढची बाजू काय शेजारच्या प्रेसात छापणार?"

मशीनवरचा माणूस इतका हसला की त्याचं पायडल थांबलं. मी तोंड पाडून निघाले, तर नानांनी हाक मारली. गल्ल्यातून एक दहाची, एक पन्नासाची, एक शंभराची, तिन्ही नव्या काढून माझ्या हातावर ठेवल्या. "छापून देत नाही. खऱ्या ने, दाखव, उद्या आणून दे. आणि हे बघ, खऱ्याच परत आण!"

नोटा मुठीत धरून मी गल्लीत शिरले तेव्हा कुणाच्या तरी ओट्यावर डबा वाजत होता. "ओळखा!" आणि मला कळलं मी काय करणार ते.

त्या संध्याकाळी मी आमचा नंबर लावला. अक्काला न विचारता. शिकवणीच्या माझ्या पैशांतून शेंगदाण्याचे लाडू आणले. भुलाबाईची गाणी झाली. गल्लीतल्या बाया ओट्याला टेकल्या होत्या, त्यात अक्काच्या मिलमधल्या बऱ्याचजणी. अक्का आमच्याकडे पाठ करून उंबऱ्यात लसूण सोलत बसली होती. मी झाकलेलं ताट आणलं आणि हलवलं. आवाज नाही. रुमाल काढला. ताटात नोटा, पालथ्या. आकड्यांवर मी चिंचोके ठेवले होते. "ओळखाल तर लाडू!"

पहिल्यांदा पुढे आली सुपडाबाई, अक्काच्या शेजारी बसून डाळ निवडणारी. तिने दहाची न्याहाळली.

"वाघ शे. नि हत्ती शे. नि हाई डुक्कर."

"मावशी, डुकराला शिंग असतं का?" एक पोरगी किंचाळली.

"सासरले जाय, मंग देखशी. शिंगवाला बी दिसतस!"

ओटा हसण्याने हलला. गेंडा हे नाव सगळ्यांना पटायला वेळ लागला. पन्नासाच्या मागच्या संसदेला कुणी देऊळ म्हटलं, कुणी जिनिंगचं गोदाम. शेवटी 'गोल घर' ठरलं. एकेक नोट पुढे करताना मी तिची किंमत मोठ्याने सांगत होते. मग शंभराची.

"सातपुडा!"

"सातपुडावर बरफ कधी पडना वं?"

"तो बरफ नही, कापूस शे."

"इतला कापूस पिकता ते मी डाळ निवडाले कसाले जाती?"

लसूण सोलायचा आवाज थांबला होता. मी मुद्दाम तिकडे पाहिलं नाही. जरा वेळाने बांगड्या वाजल्या. अक्का उठून आली होती. तिने पदराला हात पुसले, चिंचोके बाजूला सारले आणि शंभराची उचलली. उलटी केली, गांधीबाबा. सुलटी केली, पहाड. पन्नासाची घेतली, तसंच. दहाची घेतली, तसंच. तिचे ओठ हलत होते.

"म्हंजे जनावरं ते दहा," ती हळूच म्हणाली. "गोल घर ते पन्नास. नि हाऊ पहाड..."

सगळ्यांना ठाऊक होतं. सुपडाबाईने पदर तोंडाला लावला.

"हाऊ आख्खा पहाड मी सुकलालले दिधा," अक्का म्हणाली, "नि दोन जुड्या मेथी घरले आनी!"

कोण आधी हसलं मला आठवत नाही. बहुतेक तीच. इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं, आणि त्या पाण्यात किती हसू होतं नि किती दुसरं काही, ते मी विचारलं नाही. सुपडाबाई तिच्या पाठीवर थापा मारत होती. "कोथमीर फुकट दिधी ना पन त्यानी!" "दिधी ना माय! पहाडवर कोथमीर!" लाडू कुणी ओळखून घेतले, कुणी न ओळखता. मिलमधल्या बाया आळीपाळीने नोटा हातात घेत होत्या, पालथ्या घालत होत्या. पत्रक वाचलं जावं अशी माझी जी इच्छा होती, ती इतक्या डोळ्यांनी एकदम पुरी झालेली मी पुन्हा पाहिली नाही.

पाहुण्या गेल्यावर अक्का आत आली. आबा वाचत बसले होते. तिने त्यांच्यापुढे हात केला.

"मना बटवा दे."

आबांनी फडताळातून बटवा काढला, त्यावरची धूळ फुंकली आणि दोन्ही हातांनी दिला. तिने तो कमरेला खोवला आणि पहिलं वाक्य बोलली ते असं, "नि सकायपासून भेंडी तू आनू नको. डोया शेतस का बटन!"

पुढच्या पगाराला तिने शेठजींसमोर उभं राहून नोटा एकेक पालथ्या केल्या. मागे उभ्या सगळ्याजणींनी तेच केलं. शेठजी हसून म्हणाले, "अक्का, म्हारा पर भरोसा नहीं?" अक्का म्हणाली, "तुमनावर शे. तोंडवर नही."

मी जे थोडंफार लिहिते, त्यासाठी मला कुणाकुणाचे आभार मानायचे आहेत. आबांचे तर आहेतच. संतापायला आणि संताप शुद्ध भाषेत मांडायला त्यांनी शिकवलं. नानांचे आहेत, त्यांनी माझं एक पत्रक छापलं नाही म्हणून. पण लिहायला बसले की अजूनही मी आधी त्या ओट्याकडे पाहते. हे सुपडाबाईला कसं दिसेल? कुठल्या बाजूने ठेवलं तर तिला ओळखता येईल? त्या एका भुलाबाईने मला हा प्रश्न दिला, आणि तो मला कॉलेजच्या कुठल्याही तासापेक्षा जास्त पुरला आहे.

परवाच माझ्या लेखनाचं पहिलं बऱ्यापैकी मानधन आलं. त्यात पाचशेची एक नोट होती. आमच्या घरात आलेली पहिलीच. मी ती अक्काला दिली. अक्का आता मिलमध्ये जात नाही. भुवया पांढऱ्या झाल्या आहेत, पिवळ्या करायला डाळ लागत नाही. तिने नोट हातात घेतली, गांधीबाबांना कपाळाशी नेलं आणि सवयीने पालथी घातली.

मागे माणसं चालत होती. रांगेने. सगळ्यात पुढे काठी टेकत, वाकून, एक म्हातारा. मागे बाया, माणसं. मिठाच्या त्या मोर्च्याबद्दल आबांनी मला अक्षरओळखीच्या वयात सांगितलं होतं. मी अक्काला सांगणार, तेवढ्यात तिने हाताने मला थांबवलं. नोट पुन्हा सुलटी केली. पुन्हा पालथी. खिडकीच्या उजेडात नेली.

"हाऊ पुढला म्हतारा... हाऊ तोच शे ना? जो हिकडून हासी राहिना?"

"हो अक्का. तोच."

तिने त्या रांगेवरून शेवटच्या माणसापर्यंत बोट फिरवलं. बाहेर पोरींचा डबा वाजत होता.

"मी उगीच त्यानावर रागवनू वं," ती म्हणाली. "माले वाटनं, नुस्ता हासत बठेल शे. बिचारा इतला मोर्चात चाली राहिना, नि मी त्यानं तोंडच देखत बठनू."

मग तिने नोट घडी न घालता बटव्यात ठेवली, आणि नाडी ओढता ओढता म्हणाली, "आबाले बोलाव. म्हन, तुना मोर्चा उना."